हात लावता येईल असं काहीतरी

तोक्योच्या योत्सुया भागात, घरांच्या दाटीत, सुगा नावाचं एक शिंतो देवस्थान आहे. त्याच्या कडेने एक दगडी जिना गल्लीत उतरतो. पायऱ्यांच्या मधोमध लाल रंगाचा कठडा, दोन्ही बाजूंना घरं, डोक्यावर विजेच्या तारा. असे जिने तोक्योत काही कमी नाहीत. चढताना धाप लागते, यापलीकडे या जिन्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

26 ऑगस्ट 2016 रोजी माकोतो शिनकाई यांचा ‘किमी नो ना वा’ हा अ‍ॅनिमे चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. बाहेरच्या जगात तो ‘युअर नेम’ या नावाने पोहोचला. त्याच्या शेवटी नायक-नायिका याच जिन्यावर समोरासमोर येतात, एकमेकांना ओलांडून पुढे जातात आणि मग वळून बघतात. तेव्हापासून या पायऱ्यांवर रोज तोच खेळ चालतो. दोघांपैकी एक वर उभा राहतो, दुसरी खाली, आणि तिसरा मित्र खाली वाकून नेमका कोन पकडत फोटो काढतो. भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेल्या आजी फोटो होईपर्यंत क्षणभर थांबतात आणि मग आपल्या वेगाने वर जातात.

या पायऱ्यांवर खरं तर कुणीच भेटलेलं नाही. इथे कॅमेरा लागला नव्हता, नट आले नव्हते, दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटलं नव्हतं. जे झालं ते कागदावर आणि संगणकाच्या पडद्यावर झालं. मग कोरियातून, तैवानातून, युरोपातून विमानाचं तिकीट काढून आलेली ही मुलं नेमकं काय बघायला येतात?

फेरा आणि वंदन

जपानीत या प्रवासाला ‘सेइची जुनरेई’ म्हणतात. सेइची म्हणजे पवित्र जागा. जुनरेई हा शब्द दोन अक्षरांचा आहे: एकाचा अर्थ फिरणं, दुसऱ्याचा वंदन करणं. आपण त्याचं भाषांतर पटकन ‘वारी’ असं करू, पण ते तितकंसं बरोबर नाही. वारी एका विठोबाच्या पायाशी जाऊन थांबते. जुनरेईत एकामागून एक ठिकाणं गाठत फेरा पुरा करायचा असतो, म्हणून ती अष्टविनायकाच्या जास्त जवळची. शिकोकू बेटावरची 88 देवळांची, सुमारे 1,200 किलोमीटरची यात्रा हे तिचं सर्वांत प्रसिद्ध रूप.

अ‍ॅनिमेच्या चाहत्यांनी हा शब्द उचलला तो अर्ध्या थट्टेने. आपल्या वेडाला आपणच हसत, पण मनातून ते वेड जपत. 1990च्या दशकात ‘सेलर मून’चे चाहते तोक्योतल्या अझाबू भागातल्या हिकावा देवस्थानात जाऊ लागले होते. 2002मध्ये ‘ओनेगाई टीचर’ ही मालिका आली आणि नागानो प्रांतातल्या किझाकी तळ्याकाठी मालिकेतली चौकट न् चौकट शोधत फिरणारी मंडळी दिसू लागली. पुढच्या पंधरा वर्षांत थट्टेचा शब्द सरकारदरबारी पोहोचला. 2005मध्ये जपान सरकारच्या एका अहवालात चित्रपट, मालिका, मांगा, अ‍ॅनिमे यांच्या ओढीने होणाऱ्या प्रवासाला ‘कंटेंट्स टुरिझम’ हे नाव मिळालं. 2016मध्ये ‘सेइची जुनरेई’ वर्षातल्या दहा गाजलेल्या शब्दांच्या यादीत आला. त्याच वर्षी अ‍ॅनिमे पर्यटनासाठी एक संघटना स्थापन झाली. ‘गंडम’ या मालिकेचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो हे तिचे अध्यक्ष. ही संघटना चाहत्यांच्या मतांच्या आधारे अ‍ॅनिमेशी जोडलेल्या जागांची यादी जाहीर करते. यादीत किती जागा असाव्यात? अर्थातच 88. शिवाय नारिता विमानतळाला तिने ‘शून्यावं देऊळ’ ठरवलं, म्हणजे परदेशी यात्रेकरूचा फेरा विमानातून उतरताच सुरू!

ज्यांना शरीर नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सिनेमातल्या जागा पाहायला जगभर लोक जातात. पण नेहमीच्या सिनेमात नट नावाचा हाडामांसाचा माणूस असतो. तो विमानतळावर दिसू शकतो, त्याची सही मिळू शकते. अ‍ॅनिमेतल्या पात्राला शरीर नसतं. आवाज एकाचा, रेषा दुसऱ्याची, हालचाल आणखी दहाजणांची. ते पात्र भेटावं असं कितीही वाटलं तरी ते पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही. त्याच्या गोष्टीतली एकच वस्तू आपल्या जगात जशीच्या तशी सापडते आणि ती म्हणजे जागा. कठडा खरा असतो, फाटक खरं असतं, पुलावरचा गंज खरा असतो. यात्रेकरू तिथे जातो तो हात लावता येईल असं काहीतरी गाठायला.

हे शक्य झालं त्यामागे कामाची एक पद्धत आहे. नवी मालिका ठरली की दिग्दर्शक, पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार आणि त्यांचे सहकारी एखादं गाव गाठून शेकडो छायाचित्रं काढतात. लोकेशन हंटिंगवरून आलेला ‘रोकेहान’ हा त्यासाठीचा जपानी शब्द. 2000च्या आसपास पारदर्शक सेल्युलॉइडवर रंगवण्याची जुनी रीत मागे पडली, काम संगणकावर आलं, डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले. छायाचित्र समोर ठेवून बारीकसारीक तपशिलांची पार्श्वभूमी रंगवणं सोपं झालं. काल्पनिक गाव रचायचं तर प्रत्येक खांब कुणीतरी ठरवावा लागतो. खऱ्या गावात खांब आधीच उभा असतो.

अ‍ॅनिमेतल्या चित्राचं एक वैशिष्ट्य इथे कामी येतं. चेहरे साधे: मोठे डोळे, चार रेषांचं नाक. त्यांच्यामागची गल्ली मात्र इतकी नेमकी की दुकानाच्या पाटीवरचा डाग आणि वेंडिंग मशीनचा रंगही चुकत नाही. चेहरा कुणाचाही असू शकतो, गल्ली मात्र एकच असते. चाहते त्या पाटीवरून, डोंगराच्या रेषेवरून, रेल्वेच्या डब्याच्या रंगावरून गाव हुडकून काढतात. 2008मध्ये जपानमध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू सुरू झाल्यावर तर घरबसल्या गल्ल्या पालथ्या घालता येऊ लागल्या. मग प्रत्यक्ष जायचं, मालिकेतली चौकट फोनवर उघडायची, दोन पावलं मागे, अर्धं पाऊल डावीकडे, थोडं वाकून... आणि क्लिक. पुष्कळदा फोटोत माणूस नसतोच. फार तर पात्राचं छोटं कापडी बाहुलं किंवा अ‍ॅक्रिलिकची प्रतिमा कठड्यावर उभी केलेली असते. ज्याला शरीर नाही त्याला थोडा वेळ उभं राहायला जागा दिलेली असते.

यात गंमत अशी की ‘युअर नेम’चा नायक ताकी हा स्वतःच असा यात्रेकरू आहे. स्वप्नात पाहिलेल्या गावाची चित्रं तो आठवून काढतो, चित्रांचा गठ्ठा घेऊन गिफू प्रांतातल्या हिदा भागात जातो आणि भेटेल त्याला विचारत सुटतो, ‘हे गाव कुठे आहे?’ ते इतोमोरी गाव काल्पनिक आहे. पण तो ज्या हिदा-फुरुकावा स्थानकावर उतरतो ते खरं आहे, आणि आता तिथे त्याच्यासारखेच हातात चित्र घेतलेले प्रवासी उतरतात.

वाशिमियाचं नवं वर्ष

पवित्र जागा घडते कशी, हे पाहायचं तर साइतामा प्रांतातल्या वाशिमिया या लहानशा गावात जावं लागतं. 2010मध्ये ते कुकी शहरात विलीन झालं. तिथलं वाशिनोमिया देवस्थान कांतो प्रदेशातलं सर्वांत जुनं मानलं जातं. पण जुनेपणाने गर्दी होतेच असं नाही.

एप्रिल ते सप्टेंबर 2007 या काळात ‘लकी स्टार’ ही मालिका दूरचित्रवाणीवर आली. क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओने ती केली होती. शाळकरी मुलींच्या गप्पा हा तिचा सगळा ऐवज: क्रीम भरलेला पाव कुठल्या टोकाने खायचा, गृहपाठ कुणाचा उतरवायचा. त्यांतल्या जुळ्या हीरागी बहिणींचे वडील एका देवस्थानाचे पुजारी. मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यात क्षणभर एक लाकडी तोरिई, म्हणजे देवळापुढची कमान, आणि तिच्या शेजारची चहाची जुनी वास्तू दिसते. त्या उन्हाळ्यात एका अ‍ॅनिमे मासिकाने मालिकेतल्या जागांची माहिती पुरवणीत छापली आणि वाशिमियाच्या रस्त्यावर अनोळखी तरुण कॅमेरे घेऊन उतरले.

गावकरी बुचकळ्यात पडले. ही मुलं देवळाचा फोटो न काढता चहाच्या दुकानाचा कोपरा का टिपतात? देवस्थानात नवसाच्या लाकडी पाट्या टांगायची रीत आहे, त्यांना ‘एमा’ म्हणतात. त्यांवर आता परीक्षेतल्या यशाच्या मागणीशेजारी मोठ्या डोळ्यांच्या मुलींची हाताने काढलेली सुरेख चित्रं दिसू लागली.

इथे गावापुढे दोन वाटा होत्या: मुलांकडे दुर्लक्ष करायचं किंवा त्यांना हाकलायचं. स्थानिक व्यापारी मंडळातल्या माणसांनी तिसरी धरली. ते त्या मुलांशी बोलायला गेले. तुम्ही कोण, कुठून आलात, इथे काय असतं तर आवडेल? उत्तर आलं: घरी नेता येईल असं काहीतरी. मंडळाने प्रकाशकांकडे रीतसर परवानगी मागितली. 2 डिसेंबर 2007 रोजी मालिकेला आवाज देणाऱ्या कलाकारांचा कार्यक्रम देवस्थानाच्या आवारात झाला, त्याला सुमारे 3,500 लोक आले. त्याच सुमारास पॉलोनिया लाकडाचे, एमाच्या आकाराचे मोबाइलला लटकवायचे गोंडे विक्रीला आले. त्यात एक व्यापारी शहाणपण होतं. सगळे नमुने एका ठिकाणी ठेवलेच नाहीत. एक शिंप्याकडे, एक मिठाईवाल्याकडे, एक भांड्यांच्या दुकानात. संच पुरा करायचा तर गावभर हिंडणं आलं, आणि हिंडलं की दुकानदाराशी दोन शब्द बोलणंही आलं. जुनरेई म्हणजे फेरा, हे दुकानदारांनी बरोबर ओळखलं होतं.

आता आकडे पाहा. जपानमध्ये नव्या वर्षाचं पहिलं देवदर्शन मोठं मानतात. 2007च्या नववर्षात वाशिनोमियाला सुमारे 90,000 लोक आले होते. 2008मध्ये 3 लाख. 2009मध्ये 4 लाख 20 हजार. 2011मध्ये 4 लाख 70 हजार. मालिका सप्टेंबर 2007मध्येच संपली होती हे ध्यानात ठेवायला हवं. पडद्यावरची गोष्ट थांबली आणि गर्दी मात्र वर्षागणिक वाढत गेली.

एप्रिल 2008मध्ये गावाने हीरागी कुटुंबाला ‘विशेष रहिवासी’ म्हणून दाखला दिला. जे कुटुंब अस्तित्वातच नाही त्याची नोंद गावाच्या दफ्तरी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गावच्या हाजी उत्सवात देवाच्या पालखीमागोमाग चाहत्यांची स्वतःची ‘लकी स्टार’ पालखी निघाली. अशा पालखीला ‘मिकोशी’ म्हणतात. ती खांद्यावर घ्यायला तरणे गडी लागतात आणि जपानच्या गावोगावी नेमकी त्यांचीच वानवा आहे. देशभरातून आलेली, एरवी खोलीबाहेर न पडणारी म्हणून हिणवली जाणारी मुलं वाशिमियात घाम गाळत पालखी नाचवत होती. 2010मध्ये ती पालखी शांघायच्या जागतिक प्रदर्शनातही गेली.

होक्काइदो विद्यापीठाचे ताकायोशी यामामुरा आणि ताकेशी ओकामोतो यांनी या गावाचा बारकाईने अभ्यास केला. मालिकेने लोकांना गावात आणलं. पुन्हा पुन्हा यावंसं वाटण्याजोगी नाती मात्र चाहत्यांनी आणि गावाने मिळून जोडली.

बाशोही असाच निघाला होता

हे वेड आजच्या पिढीचं, इंटरनेटचं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. जपानी कवितेत ‘उतामाकुरा’ नावाची परंपरा आहे: कवितांतून वारंवार येऊन नावारूपाला आलेल्या जागा. कितीतरी कवींनी त्या जागा डोळ्यांनी न पाहताच त्यांच्यावर लिहिलं, कारण आधीच्या कवींनी त्यांच्यावर लिहिलं होतं. 1689मध्ये हायकूकार मात्सुओ बाशो उत्तरेच्या लांबच्या प्रवासाला निघाला तो अशाच जागा शोधत. 1190मध्ये वारलेल्या साइग्यो या कवीच्या कवितेतलं विलोचं झाड म्हणून दाखवलं जाणारं झाड त्याने आशिनो इथे जाऊन पाहिलं. पाचशे वर्षांनी! त्याच्याजवळ फोन असता तर कदाचित त्यानेही दोन पावलं मागे सरकून कोन जुळवला असता.

क्योतोजवळच्या उजी शहरात हा धागा अधिक स्पष्ट दिसतो. मुरासाकी शिकिबूच्या ‘गेंजी मोनोगातारी’ या हजार वर्षांपूर्वीच्या कादंबरीची शेवटची दहा प्रकरणं उजीत घडतात. कादंबरी काल्पनिक, पात्रं काल्पनिक. तरीही पुढच्या काळात वाचकांनी त्या दहा प्रकरणांसाठी उजीत दहा जागा ठरवल्या आणि तिथे खुणा उभारल्या. न झालेल्या घटनांची ही स्मारकं आजही आहेत. 2015मध्ये ‘हिबिके! युफोनियम’ ही शाळेतल्या वाद्यवृंदाची मालिका उजीत घडली आणि तिचे चाहते दाइकिचियामा टेकडीवर जाऊ लागले, कारण एका रात्री तिथे दोन मुलींनी वाद्यं वाजवली होती. टेकडीच्या पायथ्याशी गेंजीच्या एका प्रकरणाची खूण आहे. दोन्ही काळचे यात्रेकरू एकाच वाटेवरचे.

चिचिबू परिसरात तर जुनी आणि नवी यात्रा एकाच अंगणात भेटतात. तिथे कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, 34 देवळांचा फेरा शतकानुशतकं चालत आला आहे. त्यातलं सतरावं जोरिनजी. 2011मध्ये ‘अनोहाना’ या मालिकेत ते दिसलं. लहानपणी गेलेल्या एका मैत्रिणीची आणि मागे राहिलेल्या मित्रांची ही गोष्ट. सतराव्या देवळाचा ठसा वहीत घ्यायला आलेले भाविक आणि त्या मैत्रिणीसाठी आलेले चाहते तिथे एकाच पायरीवर बसतात. गेलेल्या माणसाची आठवण घेऊन दोघंही आलेले असू शकतात.

मोडलेल्या खानावळीचा मालक

सगळ्याच गावांना वाशिमियासारखं नशीब मिळत नाही, पण काहींनी आपल्या परीने उत्तर शोधलं. इबाराकी प्रांताच्या किनाऱ्यावरच्या ओआराई गावाला 11 मार्च 2011च्या त्सुनामीचा तडाखा बसला. बंदर गाळाने भरलं. किरणोत्साराच्या भीतीने उन्हाळी पर्यटक येईनासे झाले. ऑक्टोबर 2012मध्ये ‘गर्ल्स उंड पान्झर’ ही मालिका सुरू झाली. शाळकरी मुली रणगाड्यांचे सामने खेळतात, अशी तिची अफाट कल्पना. चौथ्या भागात सामना ओआराईच्या रस्त्यांवर होतो आणि एक रणगाडा थेट एका खऱ्याखुऱ्या राहण्या-जेवणाच्या जुन्या खानावळीत घुसतो. प्रत्यक्षातल्या खानावळीच्या मालकाला हा मोठाच मान वाटला आणि चाहते ती ‘मोडलेली’ खानावळ बघायला येऊ लागले. बाजारपेठेतल्या दुकानांनी एकेका पात्राचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा कटआउट दारात उभा केला. त्या पात्राचा वाढदिवस आला की चाहते भेटी घेऊन त्या दुकानात हजर. नायिकेच्या चमूचं नाव तिथल्या प्रसिद्ध आंको माशावरून आलं आहे. गावच्या आंको उत्सवाला 2012मध्ये 60,000 लोक आले, 2013मध्ये एक लाख.

शिगा प्रांतातल्या तोयोसातो गावाची गोष्ट वेगळी. तिथली जुनी प्राथमिक शाळा 1937ची. अमेरिकी वंशाचे वास्तुरचनाकार विल्यम मेरेल व्होरीस यांनी ती बांधली आणि मारुबेनी या व्यापारी कंपनीत वरच्या पदाला पोहोचलेल्या एका माजी विद्यार्थ्याने पैसा दिला. 2002च्या सुमारास गावच्या प्रशासनाने ती पाडायचा घाट घातला. रहिवासी न्यायालयात गेले आणि इमारत वाचली. 2009मध्ये ‘के-ऑन!’ ही मालिका आली. तिच्यातली मुली जिथे गिटार कमी वाजवतात आणि चहा-केक जास्त खातात ती खोली, आणि कठड्यावर ससा-कासवाच्या मूर्ती असलेला तो जिना, याच शाळेतला. चाहत्यांनी त्या खोलीत मालिकेतल्यासारखी बाकं जुळवली, कपबशा मांडल्या. गाव ज्या वास्तूसाठी भांडलं तिला पाहुणे मिळाले.

कानाझावाजवळच्या युवाकू या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या वस्तीत तर कल्पनेनेच वास्तव घडवलं. 2011च्या ‘हानासाकू इरोहा’ मालिकेत लेखकांनी एक उत्सव रचला होता. जपानी समजुतीप्रमाणे दहाव्या महिन्यात सगळे देव इझुमोच्या देवस्थानात जमतात. तिकडे निघालेल्या एका लहानग्या देवीला वाट सापडावी म्हणून लोक कागदी दिवे लावतात आणि त्यांखाली आपल्या इच्छा लिहिलेल्या पाट्या टांगतात. असा उत्सव युवाकूत कधीच नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गावाने तो खराच केला आणि पुढे दरवर्षीचा रिवाज बनवला.

पाच सेकंदांचं फाटक

आता नाण्याची दुसरी बाजू. कामाकुराजवळ समुद्राला लागून एनोदेन ही छोटी रेल्वे धावते. कामाकुराकोकोमाए स्थानकाजवळच्या फाटकातून सरळ समुद्र दिसतो. 1993 ते 1996 दरम्यान दाखवल्या गेलेल्या ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलच्या मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यात हे फाटक काही क्षण दिसतं. एवढ्यानेच पूर्व आशियातल्या एका संपूर्ण पिढीच्या मनात ते जाऊन बसलं. 2022च्या डिसेंबरमध्ये ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ हा चित्रपट आला आणि गर्दी आणखी वाढली. लोक रस्त्यावर उभे राहतात, गाड्या अडतात, राहत्या घरांच्या दारात कचरा पडतो. तिथे सुरक्षारक्षक नेमावे लागले.

वाशिमियाचे लाखो लोक चालतात आणि कामाकुराचे शेकडो जड का होतात? आकड्यांपेक्षा तिथे काय घडतं ते पाहावं. फाटकाशी येणारा रेल्वेची वाट बघतो, एक फोटो काढतो, निघून जातो. त्याला कुणाच्या दुकानात जायचं नसतं, कुणाशी बोलायचं नसतं. तिथे राहणाऱ्यांनाही त्याच्याकडून गैरसोयीशिवाय काही मिळत नाही. फेरा नाही आणि वंदनही नाही. शिकोकूच्या वाटेवर यात्रेकरूला चहा, फळं, कधी रात्रीचा आसरा देण्याची जुनी चाल आहे, तिला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. देणाऱ्यालाही त्याचं पुण्य मिळतं अशी श्रद्धा. जिथे ही देवाणघेवाण जमते तिथे जागा पवित्र होते. नाही जमली तर फक्त गर्दी होते.

म्हणून जुने चाहते नव्यांना नियम सांगतात. राहत्या घराचे फोटो टाकू नका. शाळेच्या वेळात शाळेभोवती घुटमळू नका. पहाटे रेंगाळू नका. गावात काहीतरी विकत घ्या. स्थानकात किंवा दुकानात चाहत्यांसाठी वही ठेवलेली असेल तर तिच्यात चार ओळी लिहून या. त्या वह्या चाळताना कळतं की कुणी परीक्षेत नापास झाल्यावर आलेलं असतं, कुणी लग्न ठरल्यावर, कुणी दहा वर्षांनी मुलाला घेऊन.

खरी जागा कोणती?

जागा खरी आहे की नाही, हे तरी ठरवायचं कुणी? तैवानच्या ज्युफेन गावातल्या लाल दिव्यांच्या चहाघरांना लोक ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटाचं मूळ मानतात. त्याचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी तसं नसल्याचं स्वतः सांगितलं, तरी गर्दी हटली नाही. ‘डेमन स्लेअर’ या मालिकेच्या नायकाचं आडनाव कामादो. त्याच नावाचं देवस्थान क्यूशू बेटावरच्या दाझाइफूत आहे. निर्मात्यांनी दुजोरा दिला नाही तरी चाहते तिथे पोहोचले आणि एमांवर चित्रं उमटली. चाहत्यांना हे माहीत नसतं असं नाही. पण हात ठेवायला जागा हवी असते, आणि नावाचा एवढासा आधारही तेवढ्यापुरता पुरतो.

आपल्याकडेही ही ओढ पोहोचली आहे. 2019मध्ये शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या चित्रपटगृहांत यावा म्हणून 50,000हून अधिक चाहत्यांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या आणि त्या ऑक्टोबरमध्ये तो आला. ज्या शिनचॅनच्या खोड्यांवर मराठी घरांतली पोरं हिंदीतून वाढली त्याचं कासुकाबे शहर साइतामातच आहे. शिनचॅनचं कुटुंबही तिथलं ‘विशेष रहिवासी’. 2025च्या चित्रपटात तर ती मंडळी कासुकाबेहून थेट भारतात येतात. कासुकाबे आणि वाशिनोमिया ही दोन्ही स्थानकं तोबू इसेसाकी या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. शिनचॅनसाठी गेलेल्याने आणखी काही स्थानकं पुढे जावं.

तिथे उतरल्यावर देवळापुढची कमान दिसेल. ‘लकी स्टार’मध्ये दिसलेली ती हीच असं वाटेल, पण ती ही नव्हे. जुनी लाकडी कमान आतून कुजली होती. 11 ऑगस्ट 2018 रोजी ती कोसळली. पुढच्या वर्षी, 18 जुलै 2019 रोजी, क्योतो अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओला कुणीतरी आग लावली आणि 36 जण गेले. ‘लकी स्टार’चे बहुतांश भाग ज्यांनी दिग्दर्शित केले ते यासुहिरो ताकेमोतो त्यांत होते. देणग्या गोळा होत राहिल्या आणि डिसेंबर 2021मध्ये त्याच जागी नवी कमान उभी राहिली. मालिका संपून चौदा वर्षं झाली होती.